कुलूप उघडण्याआधी

नाशिकला एमजी रोडवर, प्रधान पार्कमधल्या मोबाइलच्या गाळ्यांतून हिंडलं की "जुना झाला आता, नवा घ्या" हे हमखास ऐकू येतं. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे असे 'जुने झालेले' फोन अनलॉक करून त्यांवर नवी रॉम, म्हणजे फोनची प्रणाली, टाकून देण्याचं काम मी बरीच वर्षं हौसेनं करतो आहे. त्यातून पटलेल्या या गोष्टी.

१. आधी कारण ठरवा. एके काळी आमचं कारण मराठी हेच होतं. अँड्रॉइड २.२, २.३ च्या बहुतेक फोनवर देवनागरीचा फॉन्टच नसे. आलेल्या मेसेजच्या जागी नुसते चौकोन दिसत. ऑपेरा मिनीत एक सेटिंग बदललं की मराठी पानं चित्ररूपात वाचता येत, पण तेवढ्यापुरतीच. बाकी फोनवर मराठी हवी तर तो रूट करून सिस्टीमच्या फोल्डरमधली 'ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक' ही फॉन्टची फाइल बदलावी लागे. तरीही अक्षरं जुळवणारी यंत्रणा आत नसल्यानं पहिली वेलांटी अक्षराच्या मागं पडायची आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहायची. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ४.० पासून हे दुखणं हळूहळू संपलं. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या फोनवर स्वतःची भाषा वाचायला कुलूप उघडावं लागत होतं, याचा राग मला आजही येतो. फोन विकत घेतला की त्यात काय चालावं हे ठरवण्याचा हक्क घेणाऱ्याचा, हे माझं मत तेव्हापासूनचं.

आज कारण वेगळं आहे. रेडमी नोट ४ भारतात २०१७ च्या जानेवारीत आला आणि कंपनीनं त्याला अँड्रॉइड ७ वर सोडून दिलं. हौशी लोकांनी फुकट राबून त्याच फोनवर अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्याही आवृत्त्या चालवून दाखवल्या. बॅटरी बदलली की असा फोन शाळेतल्या पोराच्या अभ्यासाला सहज पुरतो. पण नुसते आयकॉन बदलायचे असतील तर साधा लाँचर टाका, बूटलोडरला, म्हणजे ज्याचं कुलूप उघडायचं त्या फोन सुरू करणाऱ्या भागाला, हात लावू नका.

२. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपचे फोन विकले जातात. रेडमी नोट ४ चा स्नॅपड्रॅगनवाला 'मिडो', मीडियाटेकवाला 'निकेल'. रॉम या सांकेतिक नावाची शोधायची.

३. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, हे मालकाला दोनदा सांगा. फोटोंचा बॅकअप सगळे घेतात. ईएफएस नावाच्या विभागाचा घ्यायचं राहतं. फोनचा आयएमइआय आणि नेटवर्कची जुळणी या भागावर अवलंबून असते. तो बिघडला की नवीकोरी रॉम चालते, पण सिम लागत नाही. म्हणून रॉम टाकायला लागणारी बाहेरची रिकव्हरी बसली की पहिलं काम त्याची प्रत काढून फोनबाहेर ठेवण्याचं. "दुसरा नंबर मारून देतो" म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. आयएमइआयशी छेडछाड हा गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

४. मागं जाणं पुढं जाण्यापेक्षा धोक्याचं. २०१८ मध्ये शाओमीनं काही फोनमध्ये जुनी आवृत्ती परत टाकण्याला अटकाव घातला. रेडमी नोट ५ प्रो वापरणाऱ्या कितीतरी जणांनी नेहमीच्या सवयीनं जुनी फाइल फ्लॅश केली आणि फोन दगड झाला. तो ईडीएल या आणीबाणीच्या मोडमधूनच उठायचा आणि त्यासाठी कंपनीनं अधिकार दिलेलं खातं लागायचं. काही गोष्टी तर कायमच्याच जातात: सॅमसंगच्या फोनवर परकी प्रणाली चढवली की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज उडतो. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर पुन्हा चालत नाही.

५. रोजच्या व्यवहाराचा फोन उघडू नका. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही आता कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे स्कॅन करून देतात. बूटलोडर उघडा आहे हे गूगलच्या तपासणीत कळतं आणि बँकेची बरीच ॲप चालायला नकार देतात. रूट करायच्या मॅजिस्क या साधनानं ते लपवण्याच्या युक्त्या आहेत, पण आज चाललेली उद्या बंद पडते. शिवाय उघड्या फोनवर परकं सॉफ्टवेअर चढवणं सोपं असतं, त्यामुळे चोरीला गेला तर धोकाही अधिक. पैशांचा फोन वेगळा, प्रयोगांचा वेगळा. यात मी कुणासाठीही सवलत ठेवत नाही.

६. कुलूप परत लावायची घाई नको. बहुतेक फोनवर बाहेरची रॉम असताना बूटलोडर बंद केला तर फोन सुरूच होत नाही. आधी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकायचं, फोन नीट चालू होतो का पाहायचं, मगच लॉक करायचं. लॉक करतानाही सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा त्याआधी पुन्हा एकदा बॅकअप.