शेतातील प्रथिने ताटात कशी यावीत?

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा हमरस्ता शहरात शिरण्यापूर्वी तिलवारा येथे नर्मदा ओलांडतो. मकरसंक्रांतीला येथील घाटावर मोठी जत्रा भरते आणि स्नानानंतर तिळाचे पदार्थ घरोघरी जातात. जवळच त्रिपुरी येथे १९३९ साली काँग्रेसचे प्रसिद्ध अधिवेशन भरले होते आणि १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन याच घाटावर झाले. त्याच गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत सहकाऱ्यांच्या नित्याच्या भोजनात सोयाबीनचा समावेश करून पाहिला व त्या प्रयोगाविषयी ‘हरिजन’ पत्रात लिहिले, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. गरिबाला परवडेल असे पौष्टिक अन्न कोणते, हा त्या प्रयोगामागील प्रश्न होता.

तो प्रश्न आजही संपलेला नाही. जबलपूरच्या परिसरात गहू पिकतो, हरभरा व मसूर पिकतात. येथील हिरवा वाटाणा तर दूरदूरच्या बाजारांत जातो. असे असूनही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३६ व महाराष्ट्रातील सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने उंचीने खुजी आढळली. खुजेपणाची कारणे अनेक असतात. वारंवार होणारे आजार, अस्वच्छ पाणी, मातेचे कुपोषण ही त्यांपैकी काही होत. परंतु ताटातील अन्नाचा निकृष्ट दर्जा हेही त्यांतील एक प्रमुख कारण होय. जी प्रथिने शेतात उभी आहेत ती ताटात का येत नाहीत आणि कशी आणता येतील, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथिने म्हणजे काय?

शरीरातील स्नायू, त्वचा, रक्तातील तांबडा पदार्थ, अन्न पचविणारे पाचकरस, रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये ही सर्व मुख्यतः प्रथिनांची बनलेली असतात. १८३८ साली डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने स्वीडनच्या बर्झेलियसच्या सूचनेवरून या द्रव्याला जे नाव दिले, त्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘पहिल्या प्रतीचे’ असा आहे. मराठीतील ‘प्रथिन’ हा शब्दही त्याच अर्थाला धरून आहे.

प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ होय. या माळेत सुमारे वीस प्रकारचे मणी असतात. त्यांतील नऊ मणी मनुष्याच्या शरीराला स्वतः घडविता येत नाहीत. ते अन्नातूनच मिळवावे लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. माळ ओवताना एक जातीचा मणी संपला की बाकीचे कितीही शिल्लक असले तरी काम थांबते. शरीरातही तसेच घडते.

ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. १९१४ साली अमेरिकेत ऑस्बोर्न व मेंडेल यांनी उंदरांच्या पिलांना प्रथिन म्हणून केवळ गव्हातील ग्लायडिन दिले. पिले जगली, पण वाढली नाहीत. त्याच अन्नात लायसिन नावाचे अमिनो आम्ल घालताच ती वाढू लागली. अन्नाचे प्रमाण पुरेसे असूनही एका घटकाच्या अभावी वाढ कशी खुंटते, याचा हा निर्णायक पुरावा होता.

एकाची उणीव दुसऱ्याने भरते

गहू, तांदूळ, ज्वारी, कोदो या तृणधान्यांत लायसिन कमी असते, तर तूर, हरभरा, मसूर, मूग या द्विदल धान्यांत ते मुबलक असते. उलट द्विदल धान्यांत मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल कमी असते. ते तृणधान्यांतून मिळते. म्हणून वरण-भात, पोळी-उसळ, खिचडी किंवा थालीपिठाची भाजणी या जोड्या केवळ चवीच्या नव्हेत. दोन अपुऱ्या प्रथिनांच्या संयोगाने त्यांत एक चांगले प्रथिन सिद्ध होते. तीन भाग धान्याला एक भाग डाळ आणि जोडीला थोडे दूध, असे प्रमाण आहारशास्त्रज्ञ सुचवितात.

तिलवाऱ्याच्या जत्रेतील तीळही येथे उपयोगी पडतो. तिळात लायसिन कमी, पण मेथिओनिन चांगले असते. यास्तव उसळीबरोबर चमचाभर तिळाची चटणी घेतली, तर ती डाळीची उणीव काही अंशी भरून काढते. मात्र तिळाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो, हे विसरता कामा नये.

किती प्रथिने हवीत?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६५ किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाला ५४ ग्रॅम व ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत स्त्रीला याहून सुमारे २२ ग्रॅम अधिक लागतात.

आता एक साधा हिशेब करू. एखाद्या मजूर स्त्रीच्या दिवसभराच्या पोटात ४०० ग्रॅम तांदळाचा भात व २० ग्रॅम डाळीचे पातळ वरण गेले, तर तांदळातून २८ व डाळीतून साडेचार, अशी जेमतेम ३३ ग्रॅम प्रथिने तिला मिळतात. पोट भरते, गरज भरत नाही. त्यातही बरीचशी प्रथिने भाताचीच असल्याने त्यांतील लायसिन तोकडे असते.

येथे एका वादाचा उल्लेख आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला जगातील उपासमार ही मुख्यतः प्रथिनांची टंचाई होय, असे मानले जात असे. सातारा जिल्ह्यात जन्मलेले व संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख असलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या मताला आव्हान दिले. एकंदर अन्नच अपुरे असले, तर शरीर प्रथिनांचा उपयोग बांधणीसाठी न करता सरपणासारखा जाळून टाकते. म्हणून आधी पोटभर अन्न मिळाले पाहिजे, असे त्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडले. हा विचार आजही मोलाचा आहे. अर्धपोटी माणसाला केवळ प्रथिनांचे चूर्ण देऊन भागत नाही. परंतु पोट भरल्यानंतरही ताटात निव्वळ धान्यच असेल, तर प्रथिनांच्या दर्जाचा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रथिने आणि सोबतचा स्निग्धांश

प्रथिने ज्या पदार्थातून मिळतात त्यांत स्निग्ध पदार्थ किती, हेही पाहावे लागते. एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी उष्णता मिळते, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून सुमारे ९. बैठे काम करणाऱ्यांनी, मध्यम वयानंतरच्या स्त्री-पुरुषांनी व मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी कमी स्निग्धांशाची प्रथिने निवडणे हिताचे असते. लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांचे पोट लहान व गरज मोठी असल्याने त्यांच्या जेवणातील तेल-तूप तोडू नये.

प्रत्येक १०० ग्रॅम कच्च्या पदार्थातील प्रथिने व स्निग्धांश स्थूलमानाने पुढीलप्रमाणे असतात:

तांदूळ: प्रथिने ७ ग्रॅम, स्निग्धांश १ ग्रॅमहून कमी
गव्हाची कणीक: प्रथिने ११, स्निग्धांश २
तूरडाळ: प्रथिने २२, स्निग्धांश २
मसूरडाळ: प्रथिने २५, स्निग्धांश १
हरभराडाळ: प्रथिने २१, स्निग्धांश ५ ते ६
रोहू मासा: प्रथिने १७, स्निग्धांश १ ते २
भुईमुगाचे दाणे: प्रथिने २५, स्निग्धांश ४०
अख्खे सोयाबीन: प्रथिने ४०, स्निग्धांश २०
तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ वा वडी: प्रथिने ५०, स्निग्धांश सुमारे १

मसूर व रोहू यांच्या ओळी लक्षपूर्वक पाहाव्यात. शाकाहारी घरासाठी मसूर आणि मत्स्याहारी घरासाठी नदीतील वा तळ्यातील साधा मासा, ही दोन्ही कमी स्निग्धांशाची उत्तम अन्ने होत. परंतु मासा तेलात तळला किंवा डाळीवर तुपाची धार धरली, की हा लाभ बराच कमी होतो. अंड्याचा पांढरा भाग व साय काढलेल्या दुधाचे दही हीदेखील याच वर्गात मोडतात.

सोयाबीनची कथा

वरील यादीतील शेवटच्या दोन ओळींचा जबलपूरशी निकटचा संबंध आहे. मध्य भारतात ‘काळीतूर’ नावाचे काळ्या सालीचे सोयाबीन पूर्वीपासून पिकत असे, पण ते अल्प प्रमाणात. बडोद्याहून १९३६ साली एफ्. एस्. काळे यांचा सोयाबीनवरील विस्तृत इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तथापि पीक पसरले नाही. १९६४ साली जबलपूर येथे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले. तेथील व पंतनगर येथील शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने सोयाबीनच्या नव्या वाणांची चाचणी घेतली. १९६७ साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. पुढे १९९४ साली जबलपूरच्या या विश्वविद्यालयाचे ‘जेएस ३३५’ हे वाण प्रसृत झाले आणि माळव्यापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत लक्षावधी शेतकऱ्यांनी ते पेरले. आज मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही सोयाबीनची देशातील दोन प्रमुख राज्ये आहेत.

हे पीक वाढावे यामागे प्रथिनांची आशाही होती. प्रत्यक्षात दाणा गिरणीत गेला. तेथे त्यातील सुमारे १८ टक्के तेल निघते आणि उरलेली पेंड, जिच्यात जवळजवळ सर्व प्रथिने राहतात, ती मुख्यतः कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते किंवा परदेशी रवाना होते. ज्याने दाणा पिकविला त्याच्या घरी तेलाची पिशवी परत येते. प्रथिने परत येत नाहीत.

याला बाजाराबरोबर स्वयंपाकघरही कारण आहे. तुरीसारखे सोयाबीन शिजवून घोटले तर ते नीट मऊ होत नाही आणि त्याला एक हिरवट, उग्र वास येतो. दाणा ओला करून दळला की त्यातील एक पाचकद्रव्य तेलावर क्रिया करते व हा वास उत्पन्न होतो. शिवाय कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडविणारे द्रव्य असते. १९१७ साली ऑस्बोर्न व मेंडेल यांनाच आढळले की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. उष्णतेने हे दोन्ही दोष निष्प्रभ होतात. म्हणून नियम एकच: सोयाबीन कच्चे खाऊ नये आणि कच्चे दळू नये.

घरात काय करावे?

पहिला उपाय पिठाचा. निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून वीस ते पंचवीस मिनिटे शिजवावे, पाणी काढून टाकावे, उन्हात खडखडीत वाळवावे आणि मग नऊ भाग गव्हात एक भाग मिसळून दळून आणावे. ३०० ग्रॅम निव्वळ कणकेतून ३३ ग्रॅम प्रथिने मिळतात. या मिश्र पिठातून सुमारे ४२. पोळीची चव फारशी बदलत नाही, आणि गव्हातील लायसिनची उणीवही भरून निघते. हे पीठ लवकर खवट होते, म्हणून पंधरा दिवसांपुरतेच दळावे.

दुसरा उपाय सोयावडीचा. ती तेल काढलेल्या पिठाची असल्याने तिच्यात स्निग्धांश नाममात्र असतो. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, वाटाण्याच्या रश्श्यात घातलेल्या ५० ग्रॅम कोरड्या वडीतून २५ ग्रॅम प्रथिने मिळतात.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त, कारण त्यासाठी काहीच नवे आणावे लागत नाही. वरण घट्ट करावे. पुष्कळ घरांत लहान मुलाला ‘पचायला हलके’ म्हणून वरणाचे वरचे पाणी भरवितात. डाळीची प्रथिने बहुतांशी खाली बसलेल्या गाळात असतात. वरच्या पाण्यात मीठ, हळद आणि अगदी थोडे सत्त्व उतरते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही मऊ घोटलेली डाळच भरवावी. याखेरीज आठवड्यातून दोनतीनदा मोड आलेल्या मुगाची वा मटकीची उसळ, पिठले, हरभऱ्याचे सातू किंवा भाजणीचे थालीपीठ यांची पाळी ठेवावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने वाढविण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

वाटणीचा प्रश्न

घरात प्रथिने आली म्हणजे प्रत्येकाच्या ताटात आली असे नव्हे. घट्ट वरण, मासा किंवा दही प्रथम कर्त्या पुरुषांना, मग मुलांना आणि शेवटी उरले तर स्त्रियांना, अशी पंगत अनेक घरांत आजही बसते. गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी माता व वाढत्या वयाची मुलगी यांची गरज वजनाच्या मानाने अधिक असते आणि त्यांच्याच वाट्याला भांड्याच्या तळाशी उरलेले अन्न येते. वृद्धांचे स्नायू क्षीण होत असतात. त्यांनाही केवळ पेज देऊन भागत नाही. म्हणून डाळ शिजल्यावर सर्वांच्या वाट्या एकदमच भराव्यात आणि सर्वांनी एकत्र जेवावे. विज्ञानाचे गणित स्वयंपाकघरात पूर्ण होत नाही. ते वाढणाऱ्या पळीपाशी पूर्ण होते.

प्रश्न

१. तृणधान्य व डाळ एकत्र खाण्याने प्रथिनांचा दर्जा का सुधारतो?
२. सोयाबीन दळण्यापूर्वी उकळत्या पाण्यात शिजवावे, असे का सांगितले आहे?
३. आपल्या घरी एका दिवसात शिजणारी डाळ व धान्य तोलून पाहा. माणशी किती ग्रॅम प्रथिने पडतात, ते वरील आकड्यांवरून काढा.
४. त्या दिवशी घरात सर्वांत शेवटी कोण जेवले आणि त्यांच्या वाटीत काय उरले होते, याची नोंद करा.