वायुसेना दिन : मुलांना विमानांच्या आधी माणसं सांगू या



८ ऑक्टोबर हा भारतीय वायुसेना दिन. या दिवशी शाळेत आपण काय करतो? परिपाठात माहिती वाचतो, कागदाची विमानं करून उडवतो, मोबाइलवर कसरतींचा व्हिडिओ दाखवतो. मुलांना मजा येते. पण त्यांना विमानांची नावं पाठ होतात आणि ती उडवणारी, दुरुस्त करणारी, त्यांची वाट बघणारी माणसं मात्र कळतच नाहीत. म्हणून चौथी-पाचवीसाठी हा पाठ मी गोष्टींमधून घेते. तुम्हालाही उपयोग होईल.

१) सुरुवात किती लहान होती!

वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी उभी राहिली १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड इथे. तिच्याकडे होती चार वापिटी विमानं, सहा अधिकारी आणि एकोणीस हवाई शिपाई. फळ्यावर हे आकडे लिहा आणि मुलांना विचारा, “आपल्या वर्गात किती जण आहेत?” पूर्ण तुकडी आपल्या वर्गाएवढीच होती हे कळलं की मुलांचे डोळे मोठे होतात. त्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी एक सुब्रतो मुखर्जी. १९५४ मध्ये तेच वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

२) श्रीनगरचं आकाश

१४ डिसेंबर १९७१. श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी हल्ला केला. बॉम्ब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी आपलं छोटंसं नॅट विमान वर नेलं आणि ते एकटे लढले. त्यात त्यांना वीरमरण आलं. परमवीर चक्र मिळालेले ते वायुदलातले एकमेव वीर आहेत.

ही गोष्ट सांगताना आवाज चढवू नका. ‘शत्रूला कसं पाडलं’ यावर न थांबता ‘धावपट्टीवर बॉम्ब पडताना उड्डाण करायला काय लागत असेल?’ हे विचारा आणि मुलांना बोलू द्या.

३) जुना नकाशा

ही गोष्ट मुलांची सर्वांत आवडती. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे आपले मराठी वैमानिक. १९७१ च्या युद्धात त्यांचं विमान पडलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे जण खोलीच्या भिंतीला भोक पाडून रात्री निसटले. बसने पेशावरला आणि तिथून पुढे लंडी कोतलला पोहोचले. अफगाणिस्तानची सीमा जेमतेम सहा-सात किलोमीटरवर होती! तिथे त्यांनी लंडी खानाला जायची चौकशी केली. नकाशात ते रेल्वे स्टेशन होतं, पण प्रत्यक्षात ते १९३२ मध्येच बंद झालेलं. लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. परुळकरांनी पाकिस्तानी वायुदलातल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावायला सांगितलं. हा अधिकारी आधी त्यांच्याच छावणीचा प्रमुख होता आणि कैद्यांशी माणुसकीने वागला होता. त्या फोनमुळे तिघांचे जीव वाचले. डिसेंबर १९७२ मध्ये युद्धकैदी मायदेशी परतले.

परिसर अभ्यासाच्या तासाला नकाशा जुना असला तर काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. शिवाय शौर्य शिकवायला द्वेष शिकवावा लागत नाही, हेही मुलांना न सांगता कळतं.

४) जमिनीवरचे सैनिक

माझ्या वर्गात एका वर्षी वायुदलातल्या तंत्रज्ञाची मुलगी होती. वडिलांच्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत तिच्या तीन शाळा झालेल्या. मराठी वाचताना अडखळायची, पण नकाशावर जोधपूर आणि तेजपूर झटकन दाखवायची. वैमानिकांची गोष्ट झाल्यावर तिने हळूच विचारलं, “बाई, माझे बाबा विमान चालवत नाहीत. मग ते सैनिक नाहीत का?”

त्या प्रश्नामुळे पाठाचा हा भाग तयार झाला. एक वैमानिक वर जातो तेव्हा खाली इंजिन तपासणारे, इंधन भरणारे, रडारवर लक्ष ठेवणारे, हवामान सांगणारे, दवाखाना आणि भांडार सांभाळणारे कितीतरी लोक असतात. एक नट सैल राहिला तरी जिवावर बेतू शकतं. आपल्या महाराष्ट्रातच बघा ना : विमानांची देखभाल पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे आणि नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांची दुरुस्ती होते. मुलींना हेही सांगा, की २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या वायुदलाच्या पहिल्या लढाऊ वैमानिक झाल्या.

वर्गात घ्यायचे उपक्रम

- नकाशात कराची, श्रीनगर, रावळपिंडी, नागपूर आणि ओझर शोधा.
- ‘विमान उडायच्या आधी कोणी कोणी काम केलं?’ अशी यादी गटात करा.
- सतत बदली होणाऱ्या घरातल्या मुलाला पत्र लिहा : आमच्या वर्गात तुझं स्वागत कसं करू?
- पालकांनी घरी विचारावं : शूर म्हणजे भीती न वाटणारा, की भीती वाटूनही काम करणारा?

एक विनंती. वर्गात सैन्यातल्या घरातलं मूल असेल, तर वीरमरणाची गोष्ट घेण्याआधी त्याच्या आईशी बोलून घ्या. आपल्यासाठी तो पाठ असतो, पण त्या मुलाचे बाबा आत्ता ड्यूटीवर असतात.

तुमच्या वर्गात मुलांनी काय प्रश्न विचारले, ते नक्की कळवा.