ठिगळाखालचा गंज

जुन्या गाडीच्या तळाचा पत्रा सडला की मालक गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘ठिगळ मारून भागेल ना?’ भागतं, आणि गोम तिथेच आहे. भोक बुजतं, वर मॅट अंथरली जाते आणि गाडी दोन-तीन पावसाळे काढतेही. पण ज्याला आपण तळ म्हणतो तो पाय ठेवायचा पाट नव्हे. प्रीमियर पद्मिनीचंच घ्या. कुर्ल्यात बनलेली ही गाडी मूळची फियाट ११००, आणि १९५३ सालच्या फियाट ११००/१०३ पासून या घराण्यात वेगळी चासी नाही. तळ, दारांखालच्या पोकळ कडा म्हणजे सिल, मधला बोगदा आणि आडव्या पट्ट्या एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा होतो, तीच गाडीची चासी. विलीज जीपचा तळ कुजला तरी खालची शिडीसारखी फ्रेम भार पेलते. पद्मिनीत किंवा ॲम्बॅसडरमध्ये कुजतो तो खुद्द भार पेलणारा भाग. म्हणून माझं म्हणणं असं, की हे काम डेंटिंगच्या हिशेबात धरूच नये. हे बांधकाम आहे, आणि कटिंग व्हील फिरण्याआधी जे ठरवलं जातं त्यावरच त्याचा निकाल लागतो.

ठिगळ का नको, हे गंजाच्या स्वभावातच आहे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की तो सुरू होतो. खारी हवा त्याला जोर देते, म्हणून दादर-माहीमच्या रस्त्यावर उभी असलेली गाडी आणि सोलापूरच्या शेडमधली गाडी एकाच सालच्या असूनही तळातून सारख्या निघत नाहीत. जुन्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने टाके मारले की दोहोंच्या मध्ये केसाएवढी फट उरते. त्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि वाळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो फुगतो, दोन्ही पत्रे एकमेकांपासून ढकलतो आणि शेवटी टाके उकलतात. वरून डांबर फासलेलं असेल तर हे काही दिसतही नाही. पारख साधी आहे. मॅट आणि तिच्याखालचा ओला ताग काढा, खालून डांबर खरवडा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द. आवाज बदलला की स्क्रू-ड्रायव्हर उलटा करून टोक दाबा. तपकिरी पापुद्रे सुटून ते आरपार गेलं तर भोक दिसतंय त्याच्या पुढेही बोटभर, कधी वीतभर, पत्रा मेलेला असतो. कापायचं ते या चांगल्या पत्र्यापर्यंत.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे मुंबईच्या टॅक्स्या. काळ्या-पिवळ्या पद्मिनी ठिगळांवर ठिगळं घेऊन ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्याच की! धावल्या, पण ती गाडी रोजची भाकरी कमवत होती. तिला अमुक वर्षं रेटायची आणि मोडीत काढायची, हा हिशेब आधीच ठरलेला होता, आणि त्या हिशेबात ठिगळ योग्यच होतं. हौसेची गाडी मात्र वर्षातले बहुतेक दिवस आच्छादनाखाली उभी असते, आणि ओलावा साठायला याहून चांगली जागा नाही. ती पुढच्या पिढीला द्यायची म्हणायचं आणि दुरुस्ती टॅक्सीच्या हिशेबाने करायची, हे जुळत नाही.

कापण्याआधीची तयारी कंटाळवाणी असते, म्हणूनच ती टाळली जाते. दारं बंद करून चारही बाजूंच्या फटी मोजा आणि लिहून ठेवा. दोन्ही दारांच्या चौकटींत आडवे-तिरपे पाइप टाके मारून बसवा. गाडी मधोमध जॅकवर टांगू नका, चाकांचा भार जिथे येतो तिथेच आधार द्या. सिल आणि तळ दोन्ही कापायचे असतील तर एका वेळी एकच बाजू घ्या. ही शिस्त पाळली नाही तर कापलेली गाडी मधून किंचित दबते, त्याच अवस्थेत नवा पत्रा वेल्ड होतो आणि मग दार आयुष्यभर आपटूनच लावावं लागतं. बॅटरी उतरवा, पेट्रोलची टाकी आणि नळी काढा, ब्रेकचे पाइप बाजूला करा. ठिणगी मॅटच्या कोपऱ्यात तासभर धुमसू शकते. कार्बाइड गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा लगेच वाकडा होतो. शक्यतो मिग वेल्डिंग करून घ्या, तेही सलग नको. इथे एक टाका, हातभर पुढे दुसरा, पत्रा हाताला सोसेल इतका निवला की मधली जागा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरणार असाल तर वेल्डच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढा, कारण जळत्या जस्ताच्या धुराने माणसाला ताप भरतो.

‘तयार पत्रा मिळत नाही, मग तीन मिलिमीटरची चेकर्ड प्लेट टाकूया, मजबूत होईल,’ हा दुसरा युक्तिवाद. बीटलवाल्यांना अर्धे अर्धे तयार तळ मिळतात, पद्मिनीवाल्याचं ते भाग्य नाही, हे मान्य. पण मूळचा जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा बळकट असतो तो जाडीमुळे नव्हे, त्यात दाबून काढलेल्या उठावांमुळे. जाड प्लेट वजन वाढवते, आणि ती वितळेल इतकी आच दिली की शेजारचा पातळ पत्रा जळतो. पुढे चीर पडते ती नेमकी त्या सांध्यालगत. त्यापेक्षा मूळ पत्र्यावर पुठ्ठ्याचा साचा काढून कारागिराकडून उठाव वळवून घ्यावेत. याला कायद्याचंही अंग आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद व्हायची तर चासी किंवा बॉडीत फेरफार झालेले चालत नाहीत. तळाला बॉक्स पाइपची जाळी ठोकून ‘मूळ रूप’ म्हणणं अवघड जाईल. चासी नंबर कोरलेल्या भागाला तर ग्राइंडर लावूच नये.

आणि पाणी कुठून आलं, हे शोधल्याशिवाय रंग लावू नका. बहुतेकदा ते खालून आलेलंच नसतं. पुढच्या काचेचं कडक झालेलं रबर, बॉनेटमागच्या खाचेतला पालापाचोळा, दाराच्या तळातली बुजलेली भोकं, यांतून ते आत उतरतं आणि मॅटखाली मुरतं. सीट बसवण्याआधी कुणाला तरी बाहेरून नळी धरायला सांगून आपण टॉर्च घेऊन आत बसावं. तळातली रबरी बुचं नवी घालावीत, सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारावा. ताग मात्र परत अंथरू नये; गाडी थोडी जास्त आवाज करेल, करू द्या.