जानेवारीतली रांग

पुण्यात जानेवारी म्हणजे कुणासाठी संक्रांत, कुणासाठी हुरडा. माझ्यासाठी ‘पिफ’. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ साली सुरू झाला, डॉ. जब्बार पटेल त्याचे संचालक. मी पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीच्या आग्रहाने. तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. नकाशावर बोट ठेवून इराण, हंगेरी दाखवायचे. तिथली माणसं घरात कशी बसतात, काय जेवतात, कशावरून भांडतात, यातलं काही पाहिलेलं नव्हतं. मग दरवर्षी त्या आठवड्यापुरत्या रजा राखून ठेवू लागले. त्या जानेवाऱ्यांनी जे शिकवलं, ते सांगते.

१. दिवसाला तीनच सिनेमे.

पहिल्या वर्षी रोज पाच पाहिले. तिसऱ्या रात्री डोळे मिटले तर एका सिनेमातली आई दुसऱ्याच सिनेमातल्या घरात वावरत होती. चांगल्या सिनेमानंतर तासभर रिकामा हवा. चहा घ्यावा, उन्हात उभं राहावं, आणि मगच पुढच्या अंधारात शिरावं.

२. रांगेत लवकर जावं.

पासावर आत जाता येतं, पण खुर्ची ठरलेली नसते. त्यामुळे रांग. कोथरूडच्या सिटी प्राइडबाहेर सकाळी स्वेटर घालून उभं राहायचं आणि दुपारपर्यंत तो कमरेला बांधायचा. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं, मागे बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांच्या हातात घडी घालून घालून मऊ झालेलं वेळापत्रक. कुणी कुणाचं नाव विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला : “काल काय पाहिलंत?” एका संक्रांतीला एक मावशी डबा उघडून रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिळगूळ वाटत गेल्या.

सिनेमा कसा निवडावा, हे मी त्या काकांकडून शिकले. एकदा ते म्हणाले, “तो तुम्हाला आवडणार नाही, पण बघा.” असा सल्ला रांगेतच मिळतो.

३. पहिला अर्धा तास सिनेमाला द्यावा.

काकांनी सांगितलेला तो सिनेमा म्हणजे बेला टार यांचा ‘द टुरिन हॉर्स’. २०११ सालचा, हंगेरीचा, कृष्णधवल. अडीच तासांत जेमतेम तीस शॉट. माळावरचं एक घर, बाप, मुलगी आणि चालायला नकार देणारा घोडा. बाहेर सतत वारा. दोघांचं जेवण म्हणजे माणशी एक उकडलेला बटाटा. बापाचा एक हात लुळा, दुसऱ्या हाताने तो कढत बटाटा सोलतो, बोटं भाजतात, तरी थांबत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी माणसं उठू लागली. मीही पर्स खांद्याला अडकवली होती.

मग दुसरा दिवस उजाडला. पुन्हा बटाटा. पण या वेळी कॅमेरा मुलीकडे वळलेला. काल बाप जेवताना पाहिला, आज ती. जेवण तेच, आणि केवढा फरक! मी पर्स खाली ठेवली.

पुढे त्यांची विहीर आटते. त्या क्षणी मी हंगेरीत नव्हते. १९७२ चा दुष्काळ, माझं आजोळ माण तालुक्यात, मी आठ वर्षांची. आजी पोहरा सोडायची आणि कान देऊन ऐकायची. पाण्याचा आवाज यायचा त्या जागी दगडाचा यायचा. इतकी वर्षं मी तो आवाज विसरून गेले होते. शेवटी दिवा पेटत नाही आणि ताटलीत कच्चा बटाटा उरतो, तेव्हा हॉलमध्ये आम्ही फार थोडे होतो. त्यातलं कुणी लगेच उठलं नाही.

४. भाषा येत नाही म्हणून कुणाला घरी ठेवू नये.

हे मला आईने शिकवलं. ती सातवी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नव्हतं. “खाली लिहिलेलं कळणार नाही, मी येऊन काय करू?” म्हणत होती. तरी एका वर्षी तिला नेलं, अब्बास किआरोस्तामींच्या ‘मित्राचं घर कुठे आहे?’ या सिनेमाला. १९८७ चा हा इराणी सिनेमा. उत्तर इराणमधल्या कोकेर गावातल्या अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. उद्या वहीत गृहपाठ नसला तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. म्हणून पोरगा वही घेऊन डोंगरापलीकडच्या गावी धावत सुटतो. गोष्ट एवढीच.

मी कानात सांगायला तोंड उघडलं, तर आईने हात करून गप्प केलं. तिला सगळं कळत होतं. अहमद आईला पुन्हा पुन्हा सांगतो आणि ती कामाच्या रगाड्यात लक्षच देत नाही, तेव्हा आई अंधारात मोठ्याने म्हणाली, “अगं, ऐकून तर घे त्याचं!” पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. पुढे एक म्हातारा सुतार त्याला वाट दाखवायला निघतो, सावकाश चालतो, आपण केलेल्या दारांबद्दल बोलत राहतो. पोराला उशीर होतोय. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. शेवटी वहीच्या पानात वाळलेलं फूल दिसलं, तेव्हाच तिने सोडलं.

रिक्षात ती गप्प होती. घराजवळ आल्यावर तिने विचारलं, “तू शाळेत पोरांचं ऐकून घेतेस ना गं?”

मी लगेच हो म्हणू शकले नाही. त्यानंतर वही न आणलेल्या मुलाला मी आधी ‘काय झालं?’ विचारू लागले. वर्गात भूकंप शिकवताना कोकेरही सांगू लागले. १९९० मध्ये त्या भागात प्रचंड भूकंप झाला. सिनेमात काम केलेली मुलं वाचली का, हे शोधायला किआरोस्तामी तिकडे गेले, आणि त्या शोधावरून त्यांनी १९९२ मध्ये पुढचा सिनेमा केला. नकाशावर मी आता ते गाव नुसतं बोट ठेवून दाखवू शकत नाही.

५. परदेशी सिनेमाच्या नादात मराठी चुकवू नये.

मी काही वर्षं चुकवला, कारण तो नंतर चित्रपटगृहात येईलच असं वाटायचं. बरेच आले नाहीत, आले ते आठवड्यात उतरले. या महोत्सवात मराठी सिनेमाला ‘संत तुकाराम’ या नावाने पुरस्कार आहे, त्यामागे अभिमानाची गोष्ट आहे. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने काढला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पुढे त्याच व्हेनिसमध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये आणि ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये पुरस्कार मिळाले. व्हेनिसला पोचलेले सिनेमे आपल्या गावात रिकाम्या खुर्च्यांपुढे चालावेत, हे मला बरं वाटत नाही.

६. आज दिसतोय तो उद्या दिसेलच, असं धरून चालू नये.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सिनेमा पाहताना हे नेहमी मनात येतं. १९६४ साली ते सुरू झालं. पी. के. नायर यांनी देशभर फिरून जुन्या सिनेमांची रिळं गोळा केली. तरी आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेच नाही. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटची रिळं जळून गेली. त्यानंतर ‘हा पुढच्या वर्षी बघू’ असं मी म्हटलेलं नाही.

आई आता नाही. त्या वर्षीचा तिच्या गळ्यातला पास, निळ्या फितीचा, मी जपून ठेवला आहे. येत्या जानेवारीत एक दिवस रजा काढा आणि घरातल्या ज्या माणसाला ‘तुला काय कळणार’ असं आजवर म्हटलं असेल, त्याला सोबत घेऊन रांगेत उभे राहा.