चार जाणत्यांनी नाव घ्यावं

बाय, तारकर्लीत खोल्या काढल्यास, वेबसाइटही केलीस, फार बरं झालं. आता ‘हजार लिंका देतो, गुगलच्या पहिल्या पानावर आणतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येतील. त्यांना एक रुपयाही देऊ नको. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल उभं केलं तेच या विचारावर, की एका साइटने दुसरीची लिंक दिली म्हणजे तिच्या बाजूने शब्द टाकला. मग लोक तो शब्द विकत घ्यायला लागले. २०१२ साली गुगलने पेंग्विन नावाचा बदल केला आणि अशा कितीतरी साइटी खाली गेल्या.

खरी लिंक कामातून मिळते. आंगणेवाडीची जत्रा बघ. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तिथीवर बांधलेली नाही, कौल लावून ठरते. म्हणून दर वर्षी लोक ती गुगलवर शोधतात. तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी तुझ्या साइटवर घाल. कणकवली किंवा कुडाळ स्टेशनवरून आंगणेवाडीला कसं पोचायचं, गाडी कुठे लावायची, सगळं नीट लिही. आणि हे विसरू नको: दर वर्षी नवं पान काढायचं नाही. पानाचा पत्ता तोच, मजकूर तेवढा बदलायचा. म्हणजे आधी मिळालेल्या लिंका त्याच पानाकडे राहतात आणि नव्यांची भर पडते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात कधी बंद, कधी सुरू, याचंही असंच एक पान कर.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या लाइकांनी गुगलवरचा क्रमांक चढत नाही. तरी रील टाकत जा. ते बघून कुणी प्रवासावर लिहिणारा तुझ्या पानापर्यंत आला आणि त्याने लिंक दिली, तर ती उपयोगाची.

राज्याच्या पर्यटन विभागाच्या न्याहरी-निवास योजनेत नोंदणी कर. गुगल मॅपवरची नोंद फुकट असते, तीही कर. नाव, पत्ता, फोन सगळीकडे अगदी सारखं ठेव. निघताना पाहुण्यांकडे अभिप्राय जरूर माग, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नको. गुगलच्या नियमात ते बसत नाही. कुणी वाईट लिहिलंच, तर शांतपणे उत्तर दे.

नवं पान वर यायला महिने लागतात. दिवाळीचे पाहुणे हवे असतील, तर पावसात खोल्या रिकाम्या असतानाच लिहायला बस.