एकसर आणि समांतर

मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली असलेला दोरा किंचित सरकवला, की तार तीच राहूनही नाद पालटतो. विद्युत् गिटारीत असा पालट वेटोळ्यांच्या जोडणीने साधतो. १९५५ साली सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी रचलेल्या पिकअपमध्ये दोन वेटोळी असतात. त्यांची गुंडाळणी व चुंबकध्रुव परस्परविरुद्ध असल्यामुळे बाहेरून येणारी घरघर लोपते आणि तारेचा ध्वनी टिकतो. वेटोळी एकसर जोडल्यास नाद भरदार होतो; समांतर जोडल्यास प्रवर्तकत्व सुमारे चौथाईवर येऊन तो थोडा क्षीण, परंतु तेजस्वी होतो. एकच वेटोळे ठेवले तरी तेज मिळते, पण घरघर परतते. वेटोळ्यांची चारही टोके स्वतंत्र बाहेर आणल्यास दोन्ही जोडण्या एका बटणावर मिळतात.