मेलोट्रॉन : अनुकृती आणि स्वत्व

मूळ कृती व तिची अनुकृती यांतील नाते हा तौलनिक साहित्याभ्यासातील जुना प्रश्न होय. मेलोट्रॉन या वाद्याचा इतिहास त्यावर वेगळा प्रकाश टाकतो. अमेरिकेतील हॅरी चेंबरलिन यांच्या वाद्याच्या आधारे ते १९६३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे सिद्ध झाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा स्वतंत्र तुकडा असतो व त्यावर बासरी, व्हायोलिने किंवा गायकवृंद यांचा एकेक स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत टेपरेकॉर्डरप्रमाणे हेडवरून सरकते. सुमारे ८ सेकंदांत ती संपते आणि स्वर तुटतो.

वाद्यवृंदाचा पर्याय म्हणून हे वाद्य उणेच ठरले. फितीची गती किंचित ढळते, स्वर थरथरतो, वादकाला त्यात चढउतार साधत नाही. तथापि बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ (१९६७) या गीताच्या आरंभीची बासरी किंवा किंग क्रिमझनच्या पहिल्या अल्बममधील (१९६९) तंतुवाद्यांचा गंभीर नाद खऱ्या वाद्यांचा आभास म्हणून मोलाचा नाही. त्याचे धूसर परकेपणच अर्थवाही ठरते. पुढे संगणकीय वाद्यांनी या नादाचीच नक्कल केली. अनुकृती अशा रीतीने स्वतः मूळ बनली.

मात्र प्रत्येक विचलन गुण ठरते, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. रचनाकारांनी मर्यादा ओळखून तिच्यावर रचना उभारली, म्हणूनच ती फलद्रूप झाली. भाषांतराचे मूल्यमापन करतानाही केवळ मूलनिष्ठेचे माप पुरेसे नाही. जे निसटले, त्यातून लक्ष्यभाषेने काय घडविले, हेही पाहावयास हवे.